बारदान वजा जाता

रा. रा. जावईबापू यांस,

सासऱ्याचा नमस्कार आणि आशीर्वाद (मुलीचा बाप म्हणून नमस्कार, वयाने मोठा म्हणून आशीर्वाद, दोन्ही पोचल्याचं कळवा). तुमची, आमच्या धाकटीची आणि तुमच्या आईवडिलांची प्रकृती उत्तम असेल अशी खात्री आहे. तुमच्या मानेचं दुखणं कसं आहे? दिवसभर पडद्यापुढे मान खाली घालून बसायचं म्हणजे ती धरणारच. आमच्या धंद्यात ते सुख होतं, काटा डोळ्यांसमोर असतो, मान आपोआप वर राहते. इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे आता आहे. मध्यंतरी नव्हतं, आणि त्याचीच हकीकत लिहायला बसलो आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन तुमच्या सासूबाई स्पीकरवर टाकतात आणि माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवतात, त्यामुळे माझी हकीकत माझी राहत नाही. पत्राच्या डोक्यावर तारीख नाही हे तुमच्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नसेल. उभा जन्म कागदावर आधी तारीख आणि मग मजकूर असा गेला. पण गेले तीनेक महिने तुमच्या त्या तक्त्यात आकडा टाकला की तारीख आपली आपण पडते, त्यामुळे हाताची सवय मोडली. पत्र लिहून झालं की पडते का बघतो.

तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, तरी मुळापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात केली की माझा मलाच पत्ता लागत नाही. त्या दिवशी दुकानात गहू तोलता तोलता मला भोवळ आली आणि मी पोत्यावर बसलो. (बसलो. पडलो नाही. थोरला सगळीकडे 'बाबा पडले' असं सांगत सुटला आहे, त्याला तुम्ही मोठे मेहुणे या नात्याने मान देता हे ठीक, पण ऐकायचं माझं.) डॉक्टर म्हणाले, वजन फार आहे, कंबर फार आहे, रक्तदाबही त्यांच्या सोबतीला आहे, तेव्हा दुकान बंद. म्हणजे दुकान चालू, मी बंद. दर आठवड्याला वजन आणि कंबर लिहून ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा, दोन्ही उतरलेली दिसली तर पुन्हा दुकानात बसायचं बघू, असा त्यांनी हुकूम केला. तुम्हाला म्हणून सांगतो, मला त्या क्षणी वजनाची काळजी वाटली नाही, दुकानाची वाटली. थोरल्याच्या डोक्यात केव्हापासून घोळतंय की सुटं धान्य बंद करावं, कारखान्यातून आलेली तयार पाकिटं मांडावीत आणि मोठा काटा मोडीत काढावा. मी समोर बसलेला असेपर्यंत ते त्याच्या डोक्यातच राहतं. मी घरी बसलो की ते डोक्यातून फळीवर यायला कितीसा वेळ?

अशा वेळी तुम्ही देवासारखे आलात. समोरचा चहा निवायच्या आत तुम्ही माझ्या मोबाइलवर तो तक्ता काढलात, एक रकाना वजनाचा, एक कंबरेचा, आणि पहिला तारखेचा. मी विचारलं, तारीख कुठे लिहायची? तुम्ही म्हणालात, लिहायची नाहीच, तुम्ही आकडा टाका, तारीख तक्ता टाकेल. मला हे उलटं वाटलं. आमच्याकडे तारीख यजमानासारखी आधी येऊन बसते, आकडे मागून येतात. मी म्हटलं, आणि मला माझ्या हाताने टाकावीशी वाटली तर? तर तुम्ही अतिशय नम्रपणे म्हणालात की तो रकाना बंद केला आहे. का बंद केला, हे तुम्ही सांगितलं नाहीत, तुमच्या घरचे संस्कार. आमच्या घरचे संस्कार आतल्या खोलीतून ओरडले, "कारण तुम्ही महिनाभर काही लिहिणार नाही आणि मग एका बैठकीत सगळं भरून टाकाल!" मला त्या बोलण्याचा फार राग आला. (माझा बेत नेमका तोच होता, म्हणून जरा जास्तच आला.)

सुरुवातीला तारखेची आणि माझी एकदा गफलत झाली. थोरल्याने फोनवर तांदळाची किती पोती आली ते सांगितलं आणि मी हाताशी असलेल्या मोबाइलवर ते टिपून ठेवलं, ते नेमकं वजनाच्या रकान्यात. क्षणात शेजारी तारीख पडली. मी एवढा वजनदार झालोय याचं तिला काही वाटलं नाही. मग मी आकडा खोडला, तर तारीख तशीच. एक रिकामा बुधवार होऊन ती अजून तिथे उभी आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही तारीख येते तत्परतेने, पण कोणाशेजारी येऊन उभी राहतेय ते बघत नाही. पण यंत्राच्या बाबतीत आम्ही म्हातारे फार भाबडे असतो, आणि सोमवार ते सोमवार तारखा अशा ओळीने, एका वळणाने पडत गेल्या की बघून ऊर भरून यायचा.

आता वजनाचं सांगतो. दुकानात पोतं काट्यावर चढलं की जो आकडा दिसतो तो काही धान्याचा नसतो. त्यातून पोत्याचं स्वतःचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं. गिऱ्हाईक घरून डबा घेऊन आलं तर आधी रिकाम्या डब्याचा धडा करायचा, म्हणजे त्याच्या वजनाचं समोरच्या पारड्यात टाकून काटा सरळ करायचा, आणि मग माल घालायचा. हे ज्याने केलं नाही तो व्यापारी नव्हे. मग मीच काट्यावर चढलो तर हा नियम मोडायचा कसा? पहिल्या सोमवारी मी अंगावरच्या कपड्यांचं वजन वजा केलं. डॉक्टरांना माझं वजन हवंय, माझ्या शर्टाचं नव्हे. पुढच्या सोमवारी लक्षात आलं की चष्मा आणि घड्याळ राहिलं. त्याच्या पुढच्या वेळी नुकताच चहा प्यालो होतो. तो अजून माझा झालेला नव्हता, नुसता माझ्यातून चालला होता, म्हणून तोही काढला. मग नाश्ता. मग कवळी. पुढे थंडी पडली, अंगावर स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी आली, आणि बारदान वाढत गेलं. सगळं वेगळं तोलत बसण्याइतका मी काही रिकामटेकडा नाही. इतकी वर्षं नुसत्या हाताने उचलून पोत्याचं वजन सांगत आलो आहे, तेव्हा अंदाजाने धरत होतो. आणि माझा अंदाज कधी गिऱ्हाइकाचं नुकसान होईल असा नसतो. इथे गिऱ्हाईक मीच होतो. असं करत करत निव्वळ वजन दर आठवड्याला उतरत गेलं आणि तारखेने प्रत्येक वेळी शेजारी उभं राहून साक्ष दिली.

कंबरेची गोष्ट निराळी. पहिले काही सोमवार मी माझी मीच मोजली. टेप लावताना माणूस श्वास आत ओढतोच, त्यात लबाडी नाही, टेप थंड असते. पण टेप तुमच्या सासूबाईंची, आणि त्यांच्या टेपला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नाही. एक दिवस त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या की आजपासून माप मी घेणार, तुम्ही नुसते उभे राहा. मी नुसता उभा राहिलो. त्या माप घेऊन आकडा सांगायच्या, मी टाकायचो, तारीख पडायची. आता तुम्हाला माहीत आहे की त्यांनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. पोरगं आज जेवढं आहे तेवढं माप धरलं तर सहामाहीपर्यंत बटणं तुटतात, म्हणून त्या कायम वाढत्या अंगाचं धरतात. टेप जे सांगते त्यात दोन इंच त्यांच्या मनातले. पुढे थंडीत तर माप स्वेटरवरूनच घ्यायच्या (स्वेटर काढलात तर सर्दी होईल, हे त्यांचं म्हणणं), आणि मनातले इंचही मला वाटतं त्या हिशेबाने वाढले. मी वजनातून काढत होतो, त्या कंबरेत घालत होत्या, आणि दोघंही आपापल्या धंद्याला जागून मोठ्या सचोटीने काम करत होतो.

तीन महिने झाले तसे आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. वजन मी म्हणेन तसं उतरलेलं, त्यामुळे दुकानात सोमवारी बसावं की मंगळवारी, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. डॉक्टर आपल्या थोरल्यापेक्षाही लहान आहेत, पण गंभीर आहेत. त्यांनी मोबाइल घेतला, कुठेतरी बोट दाबलं आणि दोन रेघा काढल्या. एक खाली चाललेली, एक वर चाललेली. त्या त्यांनी बोटांनी ताणून मोठ्या करून पाहिल्या. मग म्हणाले, हे आकडे नक्की दर आठवड्याचे आहेत ना? इथे माझी छाती फुगली. म्हटलं, तारखा बघा, आमच्या जावयांनी केलंय, तारीख आपोआप पडते, कोणाला बोट लावता येत नाही. डॉक्टर म्हणाले, मग प्रश्नच नाही. जावईबापू, माझ्या हस्ताक्षरातला कागद नेला असता तर त्यांनी त्यातलं निम्मं सोडून दिलं असतं, जसं ते माझं फिरणं, माझी झोप आणि माझा साखर सोडल्याचा दावा सोडून देतात. पण तारखा छापील, सरळ, एकही इकडची तिकडे नाही. त्यांच्या शेजारचे आकडे खोटे असतील असं कुणाच्या मनात येईल? त्यांनी मला झोपवून पोट चारी बाजूंनी दाबलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भूक लागते ना नीट?" डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले की आपण ओळखावं. मग म्हणाले, वजन इतकं उतरतंय आणि पोट वाढतंय, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, आत काय आहे ते बघावं लागेल. आत काय असू शकतं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. ज्या तुमच्या सासूबाई मला आजवर 'येताय की ओतून देऊ' अशा शब्दांत चहाला बोलावत आल्या, त्या चहा हातात आणून द्यायला लागल्या. मी बोललो की मध्ये तोडेनात. मी ओला टॉवेल मुद्दाम अंथरुणावर टाकून बघितला. त्यांनी तो काही न बोलता उचलला आणि वाळत घातला. तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली. बाईमाणसाने इतक्या वर्षांनी टॉवेलवरून बोलणं सोडावं म्हणजे माझं काही खरं नाही. मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि थोडा वेळ रडलो. तुमच्यापासून लपवायचं काय! संध्याकाळी थोरला आला, माझ्या पायाशी बसला (तो कधी पायाशी बसत नाही, दारातूनच बोलतो) आणि मऊ आवाजात विचारू लागला की गोदामाची दुसरी किल्ली कुठे असते आणि कोणत्या व्यापाऱ्याच्या शब्दावर माल घ्यायचा. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर भेटायला आले, बराच वेळ माझा हात हातात धरून बसले आणि जाताना म्हणाले, "फार सरळ माणूस होतात हो तुम्ही." मी होतो! समोर बसलेला असून होतो!

तपासणीच्या दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलो. आधी एका नर्सबाईने काट्यावर उभं केलं, स्वेटर, कानटोपी, चष्मा, कवळी सगळ्यासकट. मी म्हटलं, बाई, बारदान? त्या म्हणाल्या, काय? आणि सगळाच्या सगळा आकडा लिहून मोकळ्या झाल्या. मग स्वेटर वर करायला लावून कंबर मोजली, तीही टेप अशी आवळून, जसं काही पोत्याचं तोंड बांधताहेत. झालं असं की सोमवारपासून गुरुवारपर्यंत माझं वजन एका लहान पोत्याएवढं वाढलं आणि कंबर मात्र ओंजळभर कमी झाली. मग अंधाऱ्या खोलीत पोटावर थंडगार काहीतरी चोपडून आत पाहिलं. आत सगळं जागच्या जागी होतं. असायला नको ते काही नव्हतं. तुमच्या सासूबाईंनी बाहेर बाकावर हे ऐकलं, पदराला डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाल्या की कानटोपी सरळ करा, बावळटासारखे दिसताय. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तिथून तसेच आमच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते मात्र तक्ता एका हातात आणि दवाखान्याचा कागद दुसऱ्या हातात धरून बसले होते. त्यांनी विचारलं की तुम्ही घरी वजन करता तरी कसं. मी कपड्यांपासून कवळीपर्यंत सगळं समजावून सांगितलं, अभिमानानेच सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमचं खरं वजन किती?" मी म्हटलं, "बारदानासकट सांगू, की बारदान वजा जाता?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मग ते तुमच्या सासूबाईंकडे वळले. त्यांनी सांगितलं की मी वाढत्या अंगाचं माप धरते. "यांचं?" डॉक्टर म्हणाले, "आणि हे साधारण केवढे होतील असा तुमचा अंदाज आहे?" बाहेरचा कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, जुने आकडे दुरुस्त करून आणा, जे वजा केलं ते मिळवा, जे मिळवलं ते वजा करा, आणि प्रत्येक आकडा ज्या त्या तारखेला हवा. पटला हिशेब, तर दुकानाचं बघू. नाहीतर आजपासून नवे तीन महिने, आणि तोवर दुकानाकडे फिरकायचं नाही.

मी घरी येऊन हातपायही न धुता बसलो. प्रत्येक सोमवारचं बारदान आठवून आठवून वजनात घातलं, कंबरेतले इंच काढले (ते तुमच्या सासूबाई सांगेनात, म्हणाल्या मला काय आठवतंय, म्हणून तेही अंदाजानेच), आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तक्ता धुऊन काढला. मग चष्मा पुसून एकवार वरपासून पाहिलं तर काय! आकड्याला हात लागला की तारीख पुन्हा नव्याने पडते, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. सगळे सोमवार गेले. तो रिकामा बुधवार सोडला तर वरून खालपर्यंत एकच गुरुवार. कुणीही बघेल तर म्हणेल की हा माणूस एका दुपारी सारखा काट्यावर चढ-उतर करत होता. दोन रेघा निघायच्या तिथे एक खांब उभा राहतो. हाताने सोमवार लिहायला गेलो तर रकाना बंद. आमच्या धंद्यात चुकलेला आकडा खोडून वर बरोबर लिहिता येतो आणि तारीख बिचारी आपल्या जागी बसून राहते. इथे आकडे खरे ठेवावेत तर तारखा खोट्या, तारखा खऱ्या ठेवाव्यात तर आकडे खोटे. असा मी मध्ये अडकलो आहे आणि तिकडे दुकान थोरल्याच्या हातात आहे.

तेव्हा विनंती अशी, की सवडीने माझे सोमवार आपापल्या जागी परत बसवून द्यावेत. तुमच्या कामात काही खोट होती असं माझं म्हणणं मुळीच नाही; तक्ता उत्तम आहे, तारीख उत्तम आहे, आम्हीच त्याच्या लायकीचे नव्हतो. या सगळ्यातून मला एक धडा मिळाला आहे की आकडा जसा दिसला तसा लिहावा, त्यात आपलं शहाणपण घालू नये आणि त्यातून काढूही नये. यापुढे मी त्याच मार्गाने चालणार आहे. धाकटीला आशीर्वाद, तुमच्या आईवडिलांना नमस्कार. मानेला गरम कपड्याने शेक द्या आणि मान वर ठेवत जा.

आपला,
(दुकानाबाहेरचा) सासरा

ता. क. सोमवार बसवून झाले की तारखेचा तो रकाना पुन्हा बंद करू नका. उघडाच राहू द्या. अडीअडचणीला घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती असलेला बरा.

ता. क. २. आता तुमच्याशी आडपडदा कशाला? दुरुस्त करूनही हिशेब पटण्यासारखा होत नाही. नर्सबाईने लिहिलेली कंबर आणि मी पहिल्या सोमवारी श्वास धरून मोजलेली कंबर तंतोतंत सारखी येते, म्हणजे तीन महिन्यांत कंबर हललीच नाही असा अर्थ निघतो. डॉक्टर नवे तीन महिने लावणार, आणि थोरला येत्या महिन्यात पाकिटं मांडणार असं कानावर आलंय. तेव्हा रकाना उघडा असेल तर नवे सोमवार मी थोडे जवळ जवळ बसवेन. तीन महिने दीड महिन्यात. आकडे खरेच असतील, शपथेवर सांगतो, फक्त तारखा जरा सरकवून. जावईबापू, मला दुकानात जायचंय. घरात मी कुठे उभं राहायचं हेच मला कळत नाही. दुपारी तुमच्या सासूबाई कापड बेततात तेव्हा त्याचं दुसरं टोक धरून उभा असतो. हे काय माझं काम आहे?

ता. क. ३. पत्र तुमच्या सासूबाईंकडेच टपालात टाकायला देतो आहे, त्या दोरा आणायला निघाल्या आहेत. पाकीट मी नीट डिंक लावून बंद केलं आहे. त्यांना यातलं काही कळू देऊ नये.

ता. क. (हे मी लिहितेय, जावईबापू, तुमची सासू.) डिंक ओला होता. पत्र वाचलं. तारखा सरकवू नका आणि रकाना बंद करा. सोमवार मात्र होते तसे लावून द्या. कंबरेचे खरे आकडे मी पाठवते, सगळे माझ्या लक्षात आहेत. यांची कंबर चांगली तीन इंच उतरलीय. पँटी मीच आत घेत गेले, यांना कळू न देता. मोठ्या माणसाला वाढत्या अंगाचं माप धरत नाहीत, एवढं कळल्याशिवाय का मी इतकी वर्षं मशीन चालवलं? माप वाढतंय म्हटलं की हे घरी राहत होते, म्हणून धरलं. वजनाचं यांचं काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा माझे इंच मला माहीत होते, पण वजन कुठे गेलं ते कळेना, आणि मी फार घाबरले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

लग्न झाल्यापासून हे सकाळी दुकानात जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दुपारी हा माणूस घरात कसा असतो ते मला या तीन महिन्यांत कळलं. कापडाचं टोक धरतात, पण धरून बडबडतात फार, आणि मला ते आवडतं. आता आकडे खरे गेले की डॉक्टर यांना सोडतील. जाऊ देत. दुकान बंद ठेवलं तर हे वाळून जातील, मग उतरलेलं वजन काय कामाचं? थोरल्यालाही मी सांगितलंय, काट्याला हात लावायचा नाही.

तुम्ही एवढंच करा. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा, 'दुपारी घरी'. यांना सांगा की डॉक्टरांच्या हिशेबाला तो लागतो. माझं ते ऐकणार नाहीत, तुमच्या तक्त्याचं ऐकतात. त्यात हे घरी आले की मी फक्त खूण करीन. तारीख आपोआप पडू दे.